माणूसघाणा कुणाला म्हणायचं? १८ मार्च १९६९ चं एक प्रकरण

आमच्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये पंगत उठली की जो माणूस हळूच गच्चीवर जाऊन अर्धा तास एकटा उभा राहतो त्याला माणूसघाणा म्हणतात, आणि गेली वीसेक वर्षं तो माणूस मीच आहे. मावशी दर वेळी जिना चढून वर येते, दम लागलेला असतो तिला, आणि विचारते, "काय रे, बरं नाही का वाटत? की कुणी काही बोललं?" म्हणजे एकटं उभं राहायची आमच्यात दोनच कारणं मंजूर आहेत, एक तब्येत आणि दुसरं रुसवा. तिसरं कारण, की बाबा मला छान वाटतंय म्हणून उभा आहे, हे सांगितलं तर तिला तोही रुसवाच वाटतो आणि मग ती मामाला वर पाठवते.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्या याद्या फिरतात ना, एकटं राहायला आवडणाऱ्या लोकांचे अमुक गुण, ते हुशार असतात, खोल असतात, वगैरे वगैरे, त्या मला लोक मुद्दाम फॉरवर्ड करतात. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण त्या याद्या राशिभविष्यासारख्या असतात, कुणालाही लागू पडतील अशा. त्यापेक्षा एखादं खरं प्रकरण घेऊन बघावं असं बरेच दिवस डोक्यात होतं. आणि मला माहीत असलेल्यांत सगळ्यात चांगलं प्रकरण समुद्रावरचं आहे, कारण तिथे एकाच वेळी, एकाच शर्यतीत, वेगवेगळ्या स्वभावाची माणसं महिनोन्‌महिने एकटी होती आणि प्रत्येकाचं वेगळं काहीतरी झालं. असा प्रयोग कुठल्या मानसशास्त्राच्या लॅबमध्ये करायला कुणी परवानगी देणार नाही.

तर १९६८ साली इंग्लंडच्या संडे टाइम्स पेपरने एक रेस जाहीर केली, गोल्डन ग्लोब. एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारायची. आदल्याच वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर फक्त सिडनीला थांबून एकटा फेरी मारून आला होता आणि राणीने त्याला सर केलं होतं, मग पुढचं पाऊल म्हणजे न थांबता, हे उघडच होतं. १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या काळात कधीही निघायचं, जो पहिला परत येईल त्याला ट्रॉफी आणि जो कमीत कमी दिवसांत येईल त्याला ५,००० पौंड. नऊ जण निघाले. पूर्ण एकानेच केली. बाकीच्यांपैकी पाच जण तर दक्षिण महासागरात खोलवर शिरायच्या आधीच बाहेर पडले होते, बोट मोडली, तब्येत बिघडली, अशी कारणं, त्यांच्यात आत्ता शिरत नाही.

मला ज्याच्याबद्दल बोलायचंय तो फ्रेंच माणूस, बर्नार्ड मोआतेसिए. जन्म १९२५, हनोईचा, वाढला व्हिएतनाममध्येच, तेव्हा ती फ्रेंचांची वसाहत होती. लहानपणापासून तिथल्या कोळ्यांबरोबर होड्यांवर. त्याच्या बोटीचं नाव जोशुआ, पोलादी, साधारण ३९ फुटी, आणि नाव ठेवलेलं जोशुआ स्लोकम या जगात पहिल्यांदा एकट्याने फेरी मारणाऱ्या खलाशावरून. रेसच्या दोन-तीन वर्षं आधी मोआतेसिए आणि त्याची बायको फ्रान्स्वाज ताहितीहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून थेट स्पेनला आले होते, मध्ये कुठेही न थांबता १४,२१६ सागरी मैल, तेव्हाचा तो विक्रम होता. म्हणजे माणूस लग्न झालेला, बायकोबरोबर चार-चार महिने एका बोटीत राहिलेला, मित्रमंडळी भरपूर, गप्पिष्ट. हे आधीच सांगून ठेवतो, कारण एकांतप्रिय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोलीचं दार लावून बसलेला, नमस्कार केला तर दचकणारा माणूस येतो.

पेपरवाल्यांनी त्याला रेडिओ देऊ केला, मधूनमधून दोन शब्द बोल म्हणून. त्याने घेतला नाही. त्याचं म्हणणं असं की एक चांगली गलोल जगातल्या सगळ्या ट्रान्समीटरना भारी. आणि तो विनोद नव्हता. जवळून जहाज जात असलं की तो चिठ्ठी ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत घालायचा आणि गलोलीने जहाजाच्या डेकवर मारायचा. मला ही गोष्ट या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो संपर्क नाकारत नव्हता, संपर्क कधी करायचा ते स्वतःच्या हातात ठेवत होता. आपल्यातले बरेच जण फोन सायलेंटवर टाकून दोन तासांनी सगळ्यांना नीट, प्रेमाने, लांब उत्तरं लिहितात ना, आणि तरी लोक म्हणतात हा माणूस फोन उचलत नाही, तेच हे, फक्त खाऱ्या पाण्यात.

आणि या संपर्कासाठी त्याने किंमतही मोजली. ऑक्टोबर १९६८ मध्ये, केपटाऊनजवळ, घरच्यांना आपण सुखरूप असल्याचं कळावं म्हणून तो एका मालवाहू जहाजाच्या जवळ गेला, आणि जहाजाने वळताना त्याच्या बोटीला धक्का दिला. बोटीच्या पुढे जो दांडा असतो, ज्याला शीड बांधतात, तो चक्क वाकला. तिथेच प्रवास संपला असता. त्याने भर समुद्रात कप्प्या आणि दोरखंड लावून, नुसत्या युक्तीने तो जाड पोलादी दांडा पुन्हा सरळ केला. आता मला सांगा, ज्याला माणसं नकोशी झालेली असतात तो घरी निरोप पोचावा म्हणून बोट कशाला धोक्यात घालेल.

पुढे हिंदी महासागर. इथे आपल्या याद्यांमध्ये न येणारी गोष्ट घडते, ती म्हणजे त्याला एकटेपणाने धरलं. डिसेंबरच्या आसपास तो खचला, पोटाचा अल्सर जुना होता तो उठला, वजन उतरलं, काही करावंसं वाटेना, ऑस्ट्रेलियाच्या दिशेने जाताना रेस सोडून मॉरिशसला वळावं असंही मनात आलं. म्हणजे एकांत आवडणाऱ्या माणसाला एकटेपणा येतच नाही असं काही नसतं, दोन्ही एकाच माणसात एकाच आठवड्यात असू शकतात. त्याने काय केलं तर एका मित्राने दिलेलं योगाचं पुस्तक बोटीत होतं ते काढलं आणि रोज डेकवर उघड्या अंगाने बसून श्वास आणि आसनं सुरू केली. हळूहळू अल्सर शांत झाला, झोप लागायला लागली. त्यात चमत्कार वगैरे काही नाही, माझं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे, त्याने आपलं बिघडलंय हे स्वतःशी कबूल केलं. लपवायचं कुणापासून, बोटीवर होतंच कोण. पण लपवायला समोर माणूस लागतोच असं नाही, हे पुढे दुसऱ्या एका बोटीवर दिसेल.

त्याचं रोजचं जगणं म्हणजे पक्षी. समुद्रपक्ष्यांना तो चीजचे तुकडे द्यायचा, त्यातला कोण धीट कोण भित्रा हे ओळखायचा. लाटांचा आवाज बदलला की शिडं आवळायला उठायचा. बोट जास्त जड आहे असं वाटून त्याने वाटेत बरंच सामान समुद्रात टाकून दिलं होतं, जास्तीचा शिधा, दोर, इंधन, जे नसलं तरी चालेल ते सगळं. आपल्याकडे दिवाळीच्या सफाईत माळ्यावरच्या बोचक्यांना हात लावला तरी घरात भांडण होतं, आणि हा माणूस दक्षिण महासागरात शिधा कमी करतोय. वेग वाढला म्हणा त्याने, पण त्याला मिळालेलं सुख नुसत्या वेगाचं नव्हतं.

५ फेब्रुवारी १९६९ ला त्याने केप हॉर्न ओलांडला. अवघड भाग संपला, आता अटलांटिकमधून वर, इंग्लंडला. वेग इतका चांगला होता की कमी दिवसांचं ५,००० पौंडांचं बक्षीस बहुतेक त्यालाच मिळालं असतं, पहिला पोचला असता की नाही यावर अजून वाद घालतात लोक. फ्रान्समध्ये स्वागताची तयारी सुरू झाली होती, बोटींचा ताफा सामोरा जाणार, सत्कार होणार. आणि त्याने सुकाणू फिरवलं. पूर्वेला. परत आफ्रिकेकडे. १८ मार्चला केपटाऊनजवळ एका तेलवाहू जहाजाच्या डेकवर त्याने गलोलीने डबी मारली, आत संडे टाइम्सच्या माणसाला चिठ्ठी होती, की मी न थांबता पॅसिफिकमधल्या बेटांकडे जातोय, कारण मी समुद्रावर सुखी आहे आणि कदाचित माझा आत्मा वाचवण्यासाठीही. एवढंच. मग अर्ध्याहून जास्त जग पुन्हा एकदा पालथं घालून २१ जून १९६९ ला तो ताहितीला पोचला, दहा महिने, ३७,४५५ मैल.

लोक म्हणाले वेडा झाला, एकटा राहून डोकं फिरलं. मावशीची दोन कारणं, बघा, तब्येत आणि रुसवा, तीच इंग्लंड-फ्रान्सच्या पेपरांनाही सुचली.

आता दुसरी बोट. डोनाल्ड क्राउहर्स्ट. हा गंमत म्हणजे जन्माने आपल्याकडचा, १९३२ साली गाझियाबादला जन्मला, वडील रेल्वेत होते, ४७ नंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. हुशार इलेक्ट्रॉनिक्सवाला, बोलका, पार्टीत सगळ्यांच्या मधोमध उभा राहणारा, धंदा मात्र गाळात. बायको, चार मुलं. रेस जिंकली की धंदा उभा राहील अशा हिशेबाने उतरला, आणि करार असा केला की माघार घेतली तर स्पॉन्सरचे पैसे त्यालाच फेडावे लागणार, म्हणजे घर जाणार. बोट नवी, तीन सांगाड्यांची, अर्धवट तयार, आणि निघाला कधी तर शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला. दोन-तीन आठवड्यांत त्याला कळलं की ही बोट दक्षिण महासागरात टिकणार नाही.

त्याच्याकडे रेडिओ होता. आणि रेडिओवर त्याने खोटं सांगायला सुरुवात केली, डिसेंबरात तर एका दिवसात २४३ मैल, विक्रम केला म्हणून कळवलं, पेपरात फोटोसकट आलं. प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच फिरत होता. मार्चमध्ये गुपचूप अर्जेंटिनाच्या एका लहान किनाऱ्यावर उतरून बोट दुरुस्त केली, नियमाने तिथेच बाद. खोटा प्रवास कागदावर बसवणं हे खऱ्या प्रवासापेक्षा अवघड गणित असतं, सूर्य कुठे दिसला असता, वारं कसं असतं, सगळं उलटं मोजायचं, आणि हे तो महिनोन्‌महिने एकटा बसून करत होता. बेत असा होता की सगळे पुढे निघून गेले की मागून दुसरा-तिसरा यायचं, मग वही कोण तपासतो. पण त्याच्या खोट्या आकड्यांमुळे घाबरून पुढे असलेल्या नायजेल टेटलीने आपली आधीच खिळखिळी झालेली बोट जोरात रेटली आणि २१ मेला ती फुटून बुडाली, टेटली वाचला. आता कमी दिवसांचं बक्षीस क्राउहर्स्टलाच मिळणार हे ठरलं, म्हणजे वही तपासली जाणार हेही ठरलं. तो जिथून निघाला होता त्या टिनमथ गावात मिरवणुकीची तयारी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याने वहीत जवळजवळ २५,००० शब्द लिहून काढले, वाचवत नाहीत ते, विस्कटत गेलेलं मन आहे. शेवटची नोंद १ जुलैची. १० जुलैला बोट सापडली, तो नव्हता.

इथे मला थांबावंसं वाटतं. वरवर पाहिलं तर दोघं सारखेच एकटे. सारखंच पाणी, सारखंच आकाश, उलट क्राउहर्स्टकडे रेडिओ होता म्हणजे तो कमी एकटा म्हणायला हवा. पण त्याच्या बोटीत संपूर्ण इंग्लंड बसलेलं होतं. स्पॉन्सर, पेपरवाले, गावातले लोक, सगळे. आपल्याकडे ज्याला लोक काय म्हणतील म्हणतात ना, तो माणूस ते घेऊन गेला, आणि समुद्रावर ते उतरवायला बंदर नसतं. मोआतेसिएने शिध्याबरोबर तेही कधीतरी पाण्यात टाकलं असावं. हॉर्न ओलांडल्यावर त्याला प्रश्न पडला तो असा की इथून पुढे मी वर गेलो तर कुणासाठी जाणार, आणि त्याला उत्तर आवडलं नाही.

म्हणून एकटं राहायला आवडणाऱ्याचा मूळ गुण कुठला असं मला कुणी विचारलं तर मी शांतपणा सांगणार नाही, बुद्धिमत्ता तर नाहीच, क्राउहर्स्ट या सगळ्यांत कदाचित सगळ्यात तल्लख होता. मी सांगेन की डोक्यातला प्रेक्षक. काही माणसांच्या डोक्यात कायम पहिल्या रांगेत कुणीतरी बसलेलं असतं आणि ती एकटी असली तरी त्या रांगेसाठी जगतात, त्यांना एकांत दिला तर तो शिक्षा होतो कारण टाळ्या ऐकू येत नाहीत, आणि काहींच्या डोक्यातला तो हॉल बराच रिकामा असतो.

हे निव्वळ माझं मत राहू नये म्हणून सांगतो, २०२२ साली थुइ-वी नुयेन, नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी नेमकं हेच तपासलं होतं, एकांत आवडतो कुणाला. सगळ्यांना वाटतं इंट्रोव्हर्ट. तर एकांताला स्वतःहून, त्यात काहीतरी मिळतं म्हणून जाणं, याचा संबंध इंट्रोव्हर्ट असण्याशी त्यांना सापडला नाही, सापडला तो स्वायत्त स्वभावाशी. आता स्वायत्त म्हणजे महापालिकेसारखं वाटतं पण अर्थ साधा आहे, तीन गोष्टी: आपण जे करतो ते आपल्याला पटतं म्हणून करणं, आपल्याच मनात काय चाललंय याचं कुतूहल असणं, आणि बाहेरच्या दबावाला पटकन न वाकणं. मोआतेसिएला कुणी प्रश्नावली दिली नव्हती आणि मेलेल्या माणसाला मार्क द्यायचा धंदा मला आवडत नाही, पण रेडिओ नाकारणं, अल्सरच्या दिवसांत स्वतःकडे नीट बघणं आणि सुकाणू फिरवणं, या तिन्ही खणांत एकेक गोष्ट सहज जाऊन बसते.

त्याच्या उलट टोकाचा एक प्रयोग आहे, २०१४ चा, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात टिमथी विल्सन आणि त्यांच्या टीमने केलेला. लोकांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त विजेचा सौम्य झटका देणारं एक बटन. झटका टाळायला आम्ही पैसे देऊ असं आधी म्हणालेल्या लोकांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी तो स्वतःलाच दिला. पुरुषांचं बघा काय ते. मी हा किस्सा मामाला सांगितला तर तो म्हणाला, मग, बसून करणार काय.

तिसरा माणूस राहिला, आणि खरं तर रेस तोच जिंकला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, २९ वर्षांचा, व्यापारी जहाजावरचा अधिकारी. आणि त्याची बोट सुहैली, ३२ फुटी, सागवानी, आपल्या मुंबईत बांधलेली, कुलाब्याला, १९६० च्या दशकात तो इकडे जहाजांवर नोकरीला होता तेव्हा. वाकस आणि हातांच्या अवजारांनी आपल्या सुतारांनी घडवलेली, नारळ फोडून पाण्यात सोडलेली. बाकीच्यांच्या बोटींपुढे ती बैलगाडी होती, सगळे हसायचे. १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून निघाला. सुरुवातीलाच बोट गळायला लागली तर पाण्याखाली जाऊन त्याने फट बुजवली, मध्येच शार्क आला तर वर येऊन गोळी घातली आणि परत खाली गेला. रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, कित्येक महिने तो जिवंत आहे की नाही कुणाला माहीत नव्हतं. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, परत फालमथ. कस्टमवाल्यांनी नियमाप्रमाणे विचारलं कुठून आलात, तर म्हणाला, फालमथहून.

याला जाण्याआधी आणि आल्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं होतं, आणि दोन्ही वेळा रिपोर्ट असा की हा माणूस काळजी वाटावी इतका नॉर्मल आहे. मला हे फार आवडतं. कारण त्याला एकांताची ओढ बिढ काही नव्हती, आत्मा वाचवायचा नव्हता, ब्रिटिश माणसाने पहिलं यायला हवं एवढं साधं कारण. तो दिवसभर काहीतरी दुरुस्त करायचा, बोटीला शिव्या घालायचा, रात्री एखादा पेग, पुस्तक. म्हणजे एकटं राहणं निभावणं आणि एकटं राहणं आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निभावायला कामाची शिस्त आणि थोडी जाड कातडी पुरते. आपल्याकडे पहिल्या पोस्टिंगला गडचिरोलीत नाहीतर पुण्यातून एकदम बंगळुरूत एकटे राहणारे, स्वतःचा डबा स्वतः करणारे खूप जण नॉक्स-जॉन्स्टन असतात, त्यांना कुणी एकांतप्रिय म्हटलं तर ते हसतील, त्यांना शनिवारी घरी यायचं असतं. याद्या लिहिणारे या दोघांना एकाच पोत्यात घालतात.

तरी एक धागा दोघांत होताच. नॉक्स-जॉन्स्टननेही प्रेक्षक बरोबर नेला नव्हता, निदान रेडिओ गेल्यावर तरी. आणि परत आल्यावर कमी दिवसांचं बक्षीसही त्यालाच मिळालं, दुसरं कुणी पोचलंच नाही, तर ते ५,००० पौंड त्याने क्राउहर्स्टच्या बायकोमुलांसाठी देऊन टाकले.

पुढे तोच माणूस आपल्या नौदलाच्या कमांडर दिलीप दोंदे यांना तयारीच्या काळात भेटला, त्यांनी काही काळ इंग्लंडला त्याच्याबरोबर राहून काम शिकून घेतलं, आणि मग २००९-१० मध्ये गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेई बोटीतून मुंबई ते मुंबई अशी एकट्याने फेरी मारणारे ते पहिले भारतीय झाले. अभिलाष टॉमी त्याच बोटीतून २०१२-१३ ला न थांबता गेले. २०१८ ला ती जुनी रेस पुन्हा भरवली तेव्हा टॉमी सुहैलीसारखीच हुबेहूब, पण गोव्यात बांधलेली थुरिया घेऊन उतरले, हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी, तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने उचललं. शहाणा माणूस म्हणेल पुरे. २०२२ च्या रेसला ते परत गेले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. यांच्या मनात काय असतं ते मी सांगणार नाही, ती माणसं आपल्यात आहेत, स्वतः सांगतील, पण कुलाब्याच्या सुतारांच्या हातच्या बोटीचीच नक्कल फिरत फिरत पुढे गोव्यात घडते हे मला लिहायचंच होतं.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. मोआतेसिए ताहितीला उतरल्यावर काय झालं, तर तो कुठल्या गुहेत गेला नाही. लोकांत मिसळला, संसार केला, १९७१ मध्ये मुलगा झाला, मग ते तिघं ‘आहे’ (Ahe) नावाच्या प्रवाळबेटावर राहायला गेले, तिथे खडकाळ वाळूत माती करून भाजी पिकवायचा उद्योग. ताहितीच्या किनाऱ्यावर झाडं तोडून रस्ता होणार म्हटल्यावर विरोधात उभा राहिला. १९८० च्या सुमाराला तर त्याने फ्रान्समधल्या गावोगावच्या मेयरना साकडं घातलं की रस्त्याच्या कडेला फळझाडं लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याने खावीत. बघा म्हणजे, टाळ्या नको म्हणणारा माणूस अनोळखी वाटसरूंनी पेरू खावेत म्हणून पत्रं लिहितोय. माणूसघाणा शब्द इथे बसतच नाही. ज्याला प्रेक्षक नको असतो त्याला शेजारी नको असतो असं नाही.

पण तो संसार फ्रान्स्वाजबरोबरचा नव्हता. ती फ्रान्समध्ये होती, मुलांसकट, वाट बघत. एकांतप्रिय लोकांवर कौतुकाने लिहिणारे इथे घाईने पुढे जातात आणि मलाही जावंसं वाटतं, कारण माझ्या बाजूचा माणूस आहे तो. पण स्वायत्त स्वभाव, दबावाला न वाकणं, हे सगळं ऐकायला छान आहे, आणि त्याच घरात राहणाऱ्या माणसाला त्याच गुणाचं नाव हट्ट असं असू शकतं. मला गच्चीवर अर्धा तास लागतो आणि परत खाली आलो की माझ्या वाटणीचं कुणीतरी ताटात झाकून ठेवलेलं असतं, म्हणजे माझ्या एकांताचा खर्च कुणीतरी दुसरं करतंय हे मला कळतं, थोडं उशिरा का होईना. मोआतेसिएचा अर्धा तास परत खाली आलाच नाही.

आणि फ्रान्स्वाज काही काठावर उभी राहून रुमाल हलवणारी बाई नव्हती. केप हॉर्नला ती त्याच्याबरोबर होती, वादळात तिनेही सुकाणू धरलेलं होतं, १४,२१६ मैल. या नऊ जणांना ओळखणाऱ्या सगळ्या जगात, तो वळेल हे जर कुणाला आधीच कळलं असेल तर ते तिला. पेपरवाल्यांना चिठ्ठी मिळाली तेव्हा ते तिच्याकडे वेड लागलं का विचारायला धावले असणार, मावशी माझ्याकडे धावते तसे, आणि ती काय म्हणाली असेल याचा मी गच्चीवर बऱ्याचदा विचार करतो.